कणगी भरलेली, तरी ‘घरात दाणा नाही’

कामं आवरली असतील त्यांनी जरा टेका, नसतील त्यांनी निवडणं-टिपणं घेऊन बसा. हात चालू राहू देत, कान इकडे द्या.

मागच्या खेपेला आपण उदासीनतेच्या आजारावर, म्हणजे नैराश्यावर बोललो होतो. त्यानंतर एका बचत गटातल्या ताई बाजारात भेटल्या. म्हणाल्या, “बाई, तुम्ही सांगितलं ते समदं आमच्या सासूबाईंना लागू पडतं. झोप नाही, जेवण नाही, रडणं. पण त्या आणखी एक बोलतात. म्हणतात, गावानं माझ्या नावानं दवंडी पिटलीय, मला ऐकू येतीय. हे उदासीपण म्हणायचं की येड लागलं म्हणायचं?”

त्या ताईंनी अगदी नेमकं विचारलं. आणि मला माझ्या थोरल्या जावेची आठवण झाली. त्यांची परवानगी घेऊन सांगते आहे. नाव-गाव सांगणार नाही, नुसतं आक्का म्हणते.

आक्का म्हणजे घराचा खांब. पहाटे पाचला उठून धारा काढणारी, पंचवीस माणसांचा स्वयंपाक एकटीने उरकणारी बाई. लेकीचं लग्न झालं, त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं होतं, तेही दोन हंगामांत फिटलं. आणि सगळं मार्गी लागल्यावर आक्का बसली. आधी बोलणं कमी झालं. मग रात्री तीनला जाग येऊन छताकडे बघत पडायची. भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत राहायची. आम्ही म्हणालो, लेक सासरी गेली, चुटपुट लागली असेल.

दीडेक महिन्याने एका दुपारी मी पीठ काढायला गेले, तर आक्काने माझा हात धरला. “नको काढू. घरात दाणा उरला नाही. पोरं काय खातील?” शेजारी कणगी गळ्यापर्यंत भरलेली! मी झाकण काढून दाखवलं. तिने बघितलं आणि म्हणाली, “ते दिसायला आहे गं. आपलं नाही ते.” मग म्हणायला लागली की सोसायटीचे लोक घर जप्त करायला येणार. थोरल्या दिरांनी कर्ज फिटल्याची पावती आणून समोर धरली. तिने पावती उलटसुलट केली आणि सांगितलं, “खोटी आहे.”

मी त्या वेळी आरोग्य खात्यात नोकरीला होते. लसीकरण, बाळंतपणं, कुटुंबनियोजन, सगळं करत होते. आणि घरातल्या घरात माझ्या जावेला काय झालंय ते मला कळलं नाही. मी तिला काय सांगितलं असेल? “मन खंबीर कर, देवाचं नाव घे.” आजही ते आठवलं की लाज वाटते.

तर आधी दोन शब्द समजून घेऊ. भ्रम आणि भास. भ्रम म्हणजे खोटी पण पक्की बसलेली समजूत. कितीही पुरावा दिला तरी ती हलत नाही. कणगी भरलेली असताना ‘दाणा नाही’ हा भ्रम. भास म्हणजे जे नाही ते ऐकू येणं, दिसणं, वास येणं. दवंडी नसताना ऐकू येणं हा भास. माणसाचं वास्तवाशी असं नातं सुटतं त्याला डॉक्टर सायकोसिस म्हणतात. हे तीव्र नैराश्यातही होतं. नैराश्य खूप खोल गेलं की काही जणांना त्याच्या जोडीने भ्रम आणि भास सुरू होतात. हा नैराश्याचाच एक गंभीर प्रकार आहे.

‘वेड’ हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही. त्या शब्दाने आजार कळत नाही, फक्त बाई घरातून वजा होते.

याची एक खूण लक्षात ठेवा. मनाचा जो रंग, तोच भ्रमाचा रंग. उदास माणसाला आपण राजाची राणी आहोत असा भ्रम सहसा होत नाही. त्याला वाटतं, मी पापी आहे, माझ्या हातून मोठा गुन्हा झालाय, पोलीस मला न्यायला येणार. किंवा आम्ही भिकेला लागलो. किंवा माझ्या पोटात आतडी सडलीत, मला असा रोग आहे जो डॉक्टर लपवतायत. काही जण तर म्हणतात की मी मेलेलेच आहे, माझ्या आत काही नाही. ज्यूल कोटार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८८० साली पॅरिसमध्ये अशाच एका बाईची हकिगत मांडली. तिचं म्हणणं होतं की तिला मेंदू नाही, आतडी नाहीत, म्हणून जेवायची गरज नाही. म्हणजे हे आपल्याच वाड्या-वस्त्यांवर होतं असं काही नाही. देश बदलतो, भ्रमाला कपडे तिथले मिळतात. तिकडे कुणाला नरकाची आग दिसेल, आपल्याकडे सोसायटीची जप्ती दिसते.

आवाज येतात तेही बहुधा तसेच. घालूनपाडून बोलणारे, “तू कशाला जगतेस” म्हणणारे. आक्काला आमच्या वारलेल्या सासूबाईंचा आवाज यायचा. आणि स्वतःच्या अंगाला मेल्या जनावराचा वास येतो म्हणून ती दिवसातून चार वेळा अंघोळ करायची. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मी तिची वेणी घालत होते तेव्हा पाठमोरी बसून हळूच बोलली. इथे मैत्रिणींनो, नीट ऐका. हे रुग्ण लपवतात. त्यांना लाज वाटते, किंवा सांगितलं तर आणखी वाईट होईल अशी भीती वाटते. डॉक्टरांसमोर नुसतं “झोप लागत नाही, अशक्तपणा आहे” एवढंच सांगतात. आक्काचंही तेच झालं. तालुक्याच्या एका दवाखान्यात तिला तीनदा सलाईन लावलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या. मनाबद्दल कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

कुणी म्हणेल, मग अंगात येणाऱ्या बाया, त्या सगळ्या आजारी का? तसं मी म्हणत नाही. जत्रेत, आरतीला कुणाच्या अंगात आलं, थोड्या वेळाने ती बाई भानावर आली, पाणी प्याली आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायला लागली, तर त्याला आजार म्हणता येणार नाही. नवरा जाऊन आठ-पंधरा दिवस झालेत आणि बाईला वाटलं की त्यांनी हाक मारली, तेही दुःखात होतं. दुखणं कधी म्हणायचं? जेव्हा आठवड्यामागून आठवडे ते जात नाही, खाणं-झोप तुटते, कामं सुटतात, आणि तो आवाज, ती समजूत माणसाला आतून पोखरायला लागते, तेव्हा.

आमच्याकडेही एकाने सांगितलं, बाहेरची बाधा आहे. नेलं आम्ही तिला. त्या माणसाने तिला तीन तास उभं ठेवलं, मिरच्यांची धुरी दिली. ती खोकत खोकत म्हणत होती, “बरोबर आहे, मला शिक्षाच पाहिजे.” बघा, तिच्या भ्रमाला आम्ही साक्षीदार आणून दिला! आता महाराष्ट्रात यावर कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला. भूत उतरवतो म्हणून बांधून ठेवणं, मारणं, धुरी देणं हा गुन्हा आहे. देवाला हात जोडायचे असतील तर जरूर जोडा, पण औषध बंद करून नाही, आणि मारहाण तर नाहीच नाही.

यात जिवाला धोका असतो. साध्या नैराश्यापेक्षा या आजारात तो जास्त असतो, कारण ज्या गोष्टीची भीती वाटते ती त्या माणसाला अगदी खरी वाटत असते. एका पहाटे आक्का अंथरुणात नव्हती. मळ्याच्या कडेला बसलेली सापडली. म्हणाली, “मी गेले की तुमच्यावरचं गंडांतर टळेल.” तिला आमचं भलं करायचं होतं, हे लक्षात घ्या. तिच्या हिशोबाने ती घर वाचवत होती.

असं कुणी बोलायला लागलं, किंवा आवाज जीव द्यायला सांगतात असं म्हणालं, तर उद्यावर ढकलू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं, उंदराचं औषध, उरलेल्या गोळ्या कुलपात घाला, किल्ली दुसऱ्याकडे. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुष्कळ जणी विचारतात, “जीव द्यावासा वाटतो का, असं थेट विचारलं तर डोक्यात भलतंच यायचं नाही का?” नाही येत. विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट माणसाला मोकळं व्हायला जागा मिळते. शांतपणे, एकटीला बाजूला घेऊन विचारा. पोलिसांच्या भीतीने घरचे लोक झाकपाक करतात, त्यांनाही सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न केलेल्या माणसावर मोठा ताण होता असंच धरायचं असतं, त्याला शिक्षा करायची नसते, आणि त्याची देखभाल व उपचार ही सरकारची जबाबदारी आहे.

आणि रोजच्या बोलण्यात काय करायचं? वाद घालू नका. पावती दाखवून काय झालं ते सांगितलंच. पण होकारही भरू नका, “हो, येणारेत जप्तीवाले” असं म्हणाल तर भीती दुप्पट होईल. मधली वाट अशी: “मला तसं दिसत नाही, पण तुला किती भ्या वाटत असेल ते कळतंय. मी इथंच आहे.” वाक्य छोटं, आवाज हळू. चार माणसांनी एकदम समजवायला बसायचं नाही. जेवण समोर ठेवून बाजूला बसावं, स्वतः दोन घास खावेत. आक्काला मी असं केलं की एखादी भाकरी जायची.

आता उपचार. पहिल्यांदा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा, तिथून जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाची चिठ्ठी मिळते. थेट जिल्हा रुग्णालयात गेलात तरी चालतं. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, पण प्रत्येकाला तिथे जावं लागत नाही. डॉक्टर रक्त तपासतात. थायरॉइड कमी असणं, बी-बारा जीवनसत्त्व कमी असणं यानेही उदासी येते, कधी भ्रमही होतात. आधी कधी उलट प्रकार झाला होता का, म्हणजे झोप न घेता अंगात वारं भरल्यासारखं काम करणं, उधळपट्टी, अफाट बोलणं, तेही विचारतात. तसं झालं असेल तर आजार वेगळा आणि औषधही वेगळं. म्हणून सोबत जाणाऱ्या बाईने सगळं आठवून, जमलं तर कागदावर लिहून न्यावं. भ्रम-भास सांगायला रुग्ण लाजेल, तुम्ही सांगा.

साध्या नैराश्यात पुष्कळदा एक प्रकारची गोळी पुरते. यात बहुतेक वेळा दोन लागतात. एक उदासीवरची, एक भ्रम-भासावरची. झोप आणि भीती काही दिवसांत जरा बरी होते, पण उदासी उतरायला दोन ते सहा आठवडे लागतात. याच मधल्या काळात घरची माणसं “गुण येत नाही” म्हणून औषध सोडतात. मी नर्स असून माझ्याही मनात तेच आलं होतं. या गोळ्यांची चटक लागत नाही. त्रास मात्र होऊ शकतो. तोंड कोरडं पडणं, गुंगी, वजन वाढणं, रक्तातली साखर वाढणं, हात थरथरणं, अंग ताठणं, पाळी चुकणं. झाला तर डॉक्टरांना सांगायचं, ते गोळी बदलतात, प्रमाण कमी करतात. आपणच बंद करायची नाही.

बरं वाटल्यावर तर मुळीच नाही. यावर अमेरिका आणि कॅनडात एक मोठी पाहणी झाली, २०१९ साली तिचे निष्कर्ष छापून आले. या आजारातून दोन्ही गोळ्यांनी बरे झालेले रुग्ण घेतले. उदासीवरची गोळी सगळ्यांची चालू ठेवली. भ्रमावरची गोळी अर्ध्यांची चालू ठेवली, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. ३६ आठवड्यांत, म्हणजे आठेक महिन्यांत, गोळी चालू असलेल्यांपैकी शंभरात सुमारे २० जणांचा आजार उलटला. बंद झालेल्यांत सुमारे ५५ जणांचा. अर्थात चालू ठेवलेल्यांचं वजन वाढलं, हेही त्यात दिसलं. म्हणून गोळी कधी आणि कशी कमी करायची ते डॉक्टरांसोबत बसून ठरवायचं.

विजेच्या उपचाराचं नाव काढलं की सगळ्या घाबरतात. ‘शॉक’ म्हटलं की सिनेमातलं दृश्य डोळ्यांपुढे येतं. माणूस ओरडतोय, चार जणांनी धरून ठेवलंय. आज तसं करायला कायद्यानेच बंदी आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिल्याशिवाय हा उपचार करता येत नाही. काही सेकंद वीज दिली जाते, रुग्ण झोपलेला असतो, त्याला कळत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, असे साधारण ६ ते १२ वेळा. त्या दिवसांतलं काही आठवत नाही अशी तक्रार होते, काहींच्या आठवणीत थोडी कायमची पोकळीही राहते. पण माणूस खात-पीत नाही, दगडासारखा बसलाय, जीव धोक्यात आहे, अशा वेळी याच आजारात हा उपचार फार चांगला लागू पडतो. आक्काला तो द्यावा लागला. थोरले दीर सही करायला तयार नव्हते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाकावर बसवून अर्धा तास समजावलं. चौथ्या खेपेनंतर आक्काने स्वतःहून चहा मागितला. साखर कमी आहे म्हणून कुरकुरलीसुद्धा. आम्ही सगळे तिथेच रडलो.

बाळंतिणींचं वेगळं सांगायला हवं. हजार बाळंतपणांत एक-दोन बायांना पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच एकदम भ्रम-भास सुरू होतात. झोप उडते, बोलणं तुटक, बाळ बदललंय असं वाटतं, बाळाला कुणीतरी मारणार अशी भीती. बाळंतवात म्हणून शेक-शेगडी करत बसू नका. हे त्या दिवशीचं, त्या तासाचं काम आहे. आई आणि बाळ, दोघांच्या जिवाचा प्रश्न असतो. बाळाला आईजवळ ठेवा, पण त्या दोघांना एकटं ठेवू नका. दवाखान्यात ठेवावं लागलं तर तीन वर्षांखालच्या मुलाला आईपासून सहसा तोडायचं नाही, असं तोच २०१७ चा कायदा सांगतो. बाळाला धोका असेल तर डॉक्टर वेगळं ठरवतील. दूध पाजत असाल तर तसं डॉक्टरांना सांगा, त्याप्रमाणे औषध निवडता येतं. आशाताईंनी घरभेटीत बाळाचं वजन करताना आईची झोप विचारावी, एवढी माझी त्यांना विनंती आहे.

म्हाताऱ्या माणसांतही हा आजार पुष्कळ असतो आणि “वय झालं, विसरायला लागली” म्हणून सुटून जातो. त्या ताईंच्या सासूबाई सत्तरीच्या आहेत. मी त्यांना म्हटलं, आधी दाखवून या, मग वयावर ढकला.

गटाने काय करावं असं विचारलं जातं. आमच्या वेळी गटातल्या बायांनी काय केलं ते सांगते. एक जण आमची म्हस बघायची. एकीने जिल्ह्याला जायच्या एसटीच्या भाड्याचे पैसे गटातून उचल म्हणून दिले. दोघी आळीपाळीने आक्काजवळ झोपायच्या, कारण रात्री-पहाटेचा वेळ वाईट. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कुणी पाणवठ्यावर चर्चा केली नाही. निदान माझ्या कानावर आली नाही.

आता पत्राने आलेले दोन प्रश्न घेते, वेळ थोडा आहे.

पहिला, “घरात एकीला हा आजार झाला तर मुलींना होतो का, सोयरीक जमेल का?” घराण्यात असेल तर शक्यता थोडी वाढते, मधुमेहासारखंच. होईलच असं नाही. आक्काच्या दोन्ही लेकींना काही नाही. सोयरिकीचं म्हणाल, तर लपवून जमवलेल्या लग्नात औषध चोरून घ्यावं लागतं, आणि चोरून घेतलेलं औषध सुटतं. माझं मत विचाराल तर सांगून जमवा, उशीर लागला तर लागू द्या.

दुसरा, “रुग्ण दवाखान्यात यायलाच तयार नसेल तर?” ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्याला पुढे करा. “तुला भ्रम झालाय, चल” म्हणू नका. “झोप येत नाही ना, त्यावर औषध घेऊन येऊ” म्हणा, ते खोटंही नाही. अगदीच जिवावर बेतलं असेल तर त्याच्या वतीने घरच्या माणसाने अर्ज करून, दोन तज्ज्ञांनी तपासून, आधी ३० दिवसांपर्यंत दाखल करून घेण्याची सोय कायद्यात आहे. दवाखान्यातले लोक ती रीत समजावून सांगतात.

आणि कुणालाच विचारायची सोय नसेल तर सरकारचा टेलिमानस फोन आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, रात्री दोनलाही उचलतात, मराठीत बोलतात. नंबर सोपा आहे, चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. एक-चार-चार-एक-सहा. परत सांगते, १४४१६. त्या सासूबाईंच्या सूनबाई ऐकत असतील, तर मंगळवारी जिल्हा रुग्णालयात मी तुमच्यासोबत येते आहे. सकाळची साडेसातची गाडी धरू.